ईश्वराचा न्याय आणि ईश्वराची दया : आन्सेल्म ते ट्रेंट

प्रस्तावना

ईश्वर न्यायी आहे आणि तो दयाळूही आहे, ही दोन्ही विधाने ख्रिस्ती श्रद्धेत सारख्याच निष्ठेने केली जातात. परंतु न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे आणि दया म्हणजे अपराध्याला त्याच्या वाट्याची शिक्षा माफ करणे असा अर्थ घेतल्यास ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, असा प्रश्न निर्माण होतो. हा प्रश्न केवळ मठांतील विद्वानांचा नव्हता. मृत आईवडिलांच्या आत्म्यासाठी नाणे मोजणाऱ्या सामान्य माणसालाही तो तितकाच निकडीचा होता. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात या प्रश्नाची जी उत्तरे दिली गेली, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भरपाईचा सिद्धान्त

कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म (१०३३–११०९) याने इंग्लंडच्या राजाशी झालेल्या संघर्षामुळे परदेशी असताना इ.स. १०९८ मध्ये ‘कुर देउस होमो’ (ईश्वर मनुष्य का झाला) हा संवादात्मक ग्रंथ पूर्ण केला. मनुष्यावर सैतानाचा काही हक्क असून ख्रिस्ताने त्याला खंडणी देऊन मनुष्य सोडविला, ही जुनी कल्पना त्याने नाकारली. आन्सेल्मच्या मते पाप म्हणजे ईश्वराला देय असलेला सन्मान न देणे. ईश्वराने तो अपराध कोणत्याही भरपाईशिवाय सोडून दिल्यास पापी आणि निष्पाप यांत भेद उरणार नाही आणि विश्वाची सुव्यवस्थाच मोडेल. म्हणून भरपाई किंवा शिक्षा यांपैकी एक अटळ ठरते. भरपाई मनुष्याने करावयास हवी. पण ती करण्याचे सामर्थ्य फक्त ईश्वराकडे आहे. म्हणून ईश्वर स्वतःच मनुष्य झाला. या मांडणीत दया न्यायाला बाजूला सारत नाही; न्यायाची अट ती स्वतः पूर्ण करते.

पिएर आबेलार या नावानेही परिचित असलेल्या पीटर आबेलार्डला (१०७९–११४२) ही मांडणी पटली नाही. रोमकरांस पत्राच्या भाष्यात त्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनाकडे प्रेमाचा आविष्कार म्हणून पाहिले. ते प्रेम मनुष्याच्या अंतःकरणात प्रेम जागविते आणि त्यातूनच मनुष्य मुक्त होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) याने ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात एक साधा दृष्टान्त दिला. शंभर नाणी देणे असलेल्या माणसाला कोणी स्वतःच्या पैशांतून दोनशे दिली, तर तो न्यायाविरुद्ध वागत नाही. तो उदारपणे वागतो. त्याच्या मते दयेमुळे न्याय रद्द होत नाही, तर न्यायाला पूर्णत्व येते.

दयेचे मोजमाप

विद्वानांचा हा विचार चालू असताना चर्चच्या व्यवहारात मात्र दयेला मापे लागत गेली. पापाचा दोष कबुलीनंतर क्षमा होतो, परंतु त्याबद्दलची ऐहिक शिक्षा शिल्लक राहते आणि ती येथे प्रायश्चित्ताने किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात भोगावी लागते, अशी शिकवण होती. ही शिक्षा कमी करणाऱ्या क्षमापत्रांचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. इ.स. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने धर्मयुद्धास जाणे हे प्रायश्चित्ताच्या ठिकाणी मानले. इ.स. १३४३ मध्ये पोप सहावा क्लेमेंट याने ख्रिस्त व संतांच्या पुण्यसंचयाची कल्पना अधिकृत केली. इ.स. १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही क्षमापत्रांचा लाभ देऊ केला. आता जिवंत माणसाला आपल्या मृतांसाठी काही करता येणे शक्य झाले. आणि न केल्यास मनाला टोचणीही लागू लागली.

इ.स. १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याने सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी क्षमापत्रांना मान्यता दिली. जर्मनीतील उत्पन्नाचा निम्मा भाग माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून घेतलेल्या कर्जाच्या फेडीकडे वळविण्यात आला. आल्ब्रेख्टच्या सूचनापत्रात राजे आणि बिशप यांच्यासाठी पंचवीस सुवर्ण गुल्डेन आणि इतरांसाठी ऐपतीनुसार कमी रक्कम ठरविलेली होती. निर्धनांनी प्रार्थना व उपवास करावेत, अशी सवलतही होती. गरिबांचा विचार मुळीच झाला नव्हता असे म्हणणे म्हणून योग्य होणार नाही. मात्र ज्या दयेचे दरपत्रक तयार होते, ती दया राहते का, हा प्रश्न त्या दरपत्रकानेच उभा केला.

ल्यूथरचा प्रश्न

विटेनबर्ग येथील प्राध्यापक व संन्यासी मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आपली ९५ प्रमेये आल्ब्रेख्टला पाठविली. क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा गरजूला मदत करणे श्रेष्ठ, हे त्यांतील एक प्रतिपादन होते. तथापि त्याचा मूळ प्रश्न पैशाचा नव्हता. इ.स. १५४५ च्या आत्मनिवेदनात त्याने सांगितले आहे की, निर्दोष संन्यासी म्हणून जगत असतानाही ‘ईश्वराचा न्याय’ हे शब्द त्याला असह्य वाटत, कारण पाप्याला शिक्षा करणारा न्याय एवढाच अर्थ त्याला शिकविला गेला होता. रोमकरांस पत्राच्या (१:१७) चिंतनातून त्याला उमगले की, ज्या न्यायाने ईश्वर मनुष्याला विश्वासाद्वारे नीतिमान ठरवितो, तो न्याय येथे अभिप्रेत आहे. हा न्याय घेण्याचा नसून देण्याचा होता. ल्यूथरची अडचण काही अंशी ‘युस्टिटिया’ या लॅटिन शब्दाची होती. त्यातील न्यायालयाचा ध्वनी फार ठळक आहे. मराठी बायबलमध्ये त्याच स्थळी ‘नीतिमत्त्व’ हा शब्द येत असल्याने मराठी वाचकाला ही अडचण सहज जाणवत नाही.

या शोधाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. इ.स. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी भूदासत्व व अवाजवी करांविरुद्ध बायबलचा आधार घेऊन बारा कलमे मांडली. उठाव पसरल्यावर ल्यूथरने त्यांच्याविरुद्ध कठोर लेखन केले आणि टीका होताच, दया ही ईश्वराच्या राज्याची, तर तलवार ही जगाच्या राज्याची, असे समर्थन केले. ईश्वराच्या न्यायातून धाक काढून टाकणाऱ्या विचारवंताने पृथ्वीवरील न्यायात मात्र धाकच शिल्लक ठेवला.

ट्रेंट आणि त्यानंतर

ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये ल्यूथरच्या मताविरुद्ध निर्णय दिला. केवळ विश्वास पुरेसा नसून ईश्वराची कृपा मनुष्याला आतून खरोखर नीतिमान बनविते आणि मनुष्य त्या कृपेला प्रतिसाद देतो, ही तिची भूमिका होती. तरीही ज्या न्यायाने ईश्वर स्वतः न्यायी आहे तो नव्हे, तर ज्याने तो मनुष्याला नीतिमान करतो तो न्याय, हा भेद ट्रेंटच्या निर्णयातही आढळतो. हा भेद दोन्ही पक्षांना संत ऑगस्टीनकडून मिळाला होता. ल्यूथरनेही ऑगस्टीनच्या ग्रंथात आपल्या मताला पुष्टी मिळाल्याचे नमूद केले आहे. इ.स. १५६३ मध्ये याच सभेने क्षमापत्रे कायम ठेवली, पण त्यांतून होणारी द्रव्यप्राप्ती निषिद्ध ठरविली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी या सिद्धान्तावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यासाठी निवडलेले शहर आउग्सबुर्ग हेच होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ईश्वराच्या न्यायाची कल्पना प्रत्येक काळाने आपल्या परिचयाच्या व्यवहारातून घडविली. आन्सेल्मच्या विचारात सन्मान व भरपाई, क्षमापत्रांत देणे-घेणे आणि ल्यूथरच्या मनात न्यायासनाची भीती होती. वाद अनेकदा न्याय मोठा की दया मोठी असा दिसला, तरी त्याच्या मुळाशी न्याय या शब्दाचाच अर्थ होता. अक्वायनस, ल्यूथर आणि ट्रेंट यांच्यात तीव्र मतभेद असले, तरी दया म्हणजे न्यायातील सूट नव्हे, याबाबत त्यांचे एकमत होते. मात्र ही दया माणसामाणसांतील व्यवहारात उतरावी, ही शेतकऱ्यांची मागणी त्या काळात अनुत्तरितच राहिली.