सुकाणू ते स्टेअरिंग : हातातल्या चाकाची अदलाबदल

१/२०
भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रो-रो बोट सुमारे तासाभरात मांडव्याला लागते. मार्च २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या गाड्या शंभरेक किलोमीटरचा रस्ता टाळून थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागल्या. त्यांतल्या एखाद्या गाडीत कंपनीचे स्टेअरिंग नसते. त्याच्या जागी लहान, जाड, चामड्याने मढवलेले चाक असते.

२/२०
हा बदल हौसेचा वाटतो आणि बहुतेक वेळा असतोही. मात्र त्यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. मोटारीला गोल स्टेअरिंग मिळाले तेच मुळी अशा एका अदलाबदलीतून. तीच अदलाबदल आज जिवावर का बेतू शकते, याचे उत्तरही त्याच इतिहासात दडलेले आहे.

३/२०
आरंभ समुद्रापासून करावा लागतो. मराठीतला ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला. सुकाणू सांभाळणारा तो सुकाणी. इराक आणि आखाती देशांच्या बोलीत मोटारीच्या स्टेअरिंगला आजही ‘सुक्कान’ म्हणतात. जो शब्द कोकणात नौकेपाशी थांबला, तो तिकडे गाडीत जाऊन बसला.

४/२०
कोकण किनाऱ्यावरच्या लहान मचव्यात सुकाणूच्या माथ्याला एक लाकडी दांडा जोडलेला असतो. सुकाणी तो दांडा डावीकडे लोटतो आणि नौका उजवीकडे वळते. मध्ये दोर नाही, दाते नाहीत. लाटेचा तडाखा सुकाणूला बसला की तो थेट हाताला जाणवतो.

५/२०
युरोपातल्या मोठ्या जहाजांवर हा दांडा एका माणसाला आवरत नसे. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या आरमारात त्यावर तोड निघाली : डेकवर उभे चाक, त्याला गुंडाळलेला दोर आणि दोराच्या टोकाला सुकाणूचा दांडा. याच काळात कुलाब्याच्या पाण्यात कान्होजी आंग्र्यांचा दरारा होता. त्यांचे निधन १७२९ चे. समाधी अलिबागेत आहे.

६/२०
जहाजाचा हा धडा मोटारीने लगेच घेतला नाही. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत उभ्या दांड्यावर एक मूठ होती. फ्रान्समधल्या पॅनहार्ड गाड्यांतही आडवा दांडाच असे. फ्रेंच लोक त्याला गमतीने ‘गायीची शेपटी’ म्हणत. थोडक्यात, गाडी रस्त्यावर आली तरी हाताळणी मचव्याचीच राहिली.

७/२०
२२ जुलै १८९४. पॅरिस ते रूआँ ही मोटारींची पहिली मोठी स्पर्धा. तिच्यात आल्फ्रेड वाशराँ नावाचा स्पर्धक पॅनहार्ड घेऊन उतरला. त्याच्या गाडीत दांड्याऐवजी गोल चाक होते. मोटारीवरच्या स्टेअरिंग व्हीलचा हा सर्वांत जुना ज्ञात दाखला मानला जातो.

८/२०
चाकाचा लाभ कोणता? दांड्याने चालणाऱ्या गाडीचे पुढचे चाक दगडाला अडखळले की दांडा हाताला हिसका देई. वेग वाढला तसा तो हिसका गाडी उलटवण्याइतका होऊ लागला. गोल चाक आणि रस्ता यांच्यामध्ये स्क्रू आणि दात्यांची यंत्रणा बसवता येते. तिच्यात हिसका विरतो आणि वळण बारकाईने साधता येते. १८९८ पासून पॅनहार्डने आपल्या गाड्यांत चाक नियमितपणे बसवले.

९/२०
त्यानंतर पुढची अनेक दशके स्टेअरिंग मोठेच राहिले. पॉवर स्टेअरिंग नव्हते आणि वजनदार गाडी वळवायची तर तरफेचा नियम पाळावा लागे : चाक जितके मोठे, तितके श्रम कमी. ४० सेंटीमीटरचे चाक काढून ३५ चे बसवले तर त्याच वळणासाठी हाताला सुमारे १४ टक्के अधिक जोर लावावा लागतो.

१०/२०
मग लहान चाक हवे कोणाला? शर्यतीत उतरणाऱ्यांना. हात कमी फिरवावे लागतात आणि गुडघ्यांना जागा मिळते. इटलीतील तुरिनच्या एन्रिको नार्दी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी लाकडी कडा असलेली स्टेअरिंगे घडवली. मूळ चाक काढून दुसरे विकत आणून बसवणे ही त्यानंतर रुचीची खूण ठरली.

११/२०
जियानपिएरो मोरेत्ती हे स्वतः शर्यतपटू. त्यांनी आपल्या गाडीसाठी जाड कडेचे चाक करवून घेतले. ते जॉन सर्टीज यांना आवडले. १९६४ मध्ये सर्टीज यांनी फेरारीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्या हातात मोरेत्तींचे चाक होते. ‘मोरेत्ती’ आणि ‘मोन्झा’ यांची आद्याक्षरे जुळवून ‘मोमो’ हे नाव तयार झाले.

१२/२०
ही अदलाबदल घडते कशी? स्टेअरिंगच्या मधल्या दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात. त्यांवर चाक घट्ट बसते आणि एका नटाने आवळले जाते. बाहेरून आणलेले चाक त्यावर थेट बसत नाही. मध्ये त्या गाडीसाठीच घडवलेले ‘बॉस किट’ लागते. त्यावर सहा बोल्ट. मोमोच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ७० मिलिमीटर, नार्दीचा ७४. चार मिलिमीटरचा फरक, पण एकाचे चाक दुसऱ्याच्या किटवर बसत नाही.

१३/२०
भारतात परिस्थिती निराळी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होई. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पातळ कडेचे मोठे स्टेअरिंग आणि त्यामागेच गिअरचा दांडा. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे आहे ती गाडी जपणे आणि जुन्या बाजारातल्या भागांनी ती सजवणे हा मुंबईकरांचा परिपाठ झाला.

१४/२०
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. गाडी हलकी असल्याने लहान चाकानेही ती सहज वळे. हौशी तरुणांनी ऑपेरा हाऊस परिसरातल्या दुकानांतून ‘स्पोर्ट्स स्टेअरिंग’ आणून बसवले. त्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये हॉर्नपलीकडे काही नव्हते. चाक म्हणजे निव्वळ एक मूठ होती. बदलली तरी फार बिघडत नसे.

१५/२०
जगात मात्र तोवर चाकाचा अर्थ पालटला होता. जुन्या गाड्यांत स्टेअरिंगमागचा पोलादी दांडा अखंड असे. समोरून धडक बसली की तो भाल्यासारखा मागे येई आणि चालकाच्या छातीत घुसे. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकेत या प्रश्नाला वाचा फोडली. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांत दुमडणारा दांडा आणला आणि १ जानेवारी १९६८ पासून तेथे त्यासाठी नियमच लागू झाला.

१६/२०
दुसरे पाऊल एअरबॅगचे. जॉन हेट्रिक हे पूर्वी अमेरिकेच्या नौदलात तंत्रज्ञ होते. दुरुस्तीला आलेल्या एका टॉर्पेडोतून दाबलेली हवा सुटली आणि त्यावरचे कापडी आच्छादन क्षणात फुगून उडाले, हे त्यांच्या स्मरणात होते. कुटुंबासह झालेल्या एका अपघातानंतर त्यांना ते आठवले. १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये चालकाची एअरबॅग आली ती १९८० च्या दशकाच्या उंबरठ्यावर.

१७/२०
आजच्या स्टेअरिंगच्या मध्यभागी हीच घडी घातलेली पिशवी असते. धडकेनंतर सुमारे ३० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याआधी, ती फुगते. चाक फिरत असताना तिची तार तुटू नये म्हणून मागे फितीसारखी गुंडाळलेली केबल असते. चाक बदलले की पिशवी जाते आणि डॅशबोर्डवर इशारा देणारा दिवा पेटतो. काही जण तेथे एक रेझिस्टर जोडून तो दिवा विझवतात. दिवा विझतो, पिशवी परत येत नाही.

१८/२०
भारतात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला : उत्पादकाच्या मूळ निर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही.

१९/२०
म्हणून ‘स्टेअरिंग बदलावे का?’ या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या जन्मसालाप्रमाणे पालटते. जुन्या फियाटमध्ये एअरबॅग नाही. तेथे प्रश्न उरतो तो बॉस किट नेमके बसले का, नट योग्य आवळला का आणि वाढलेला जोर हाताला पेलतो का, एवढाच. अशा गाड्या आता थोड्याच उरल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले.

२०/२०
वाशराँने दांडा काढून चाक बसवले, तेव्हा गाडीवरचा ताबा वाढला. मोरेत्तींनी चाक बदलले, तेव्हा पकड सुधारली. दोघांनी काढून टाकले ते फक्त हातात धरायचे साधन होते. मांडव्याला उतरणाऱ्या आजच्या गाडीच्या स्टेअरिंगवर मात्र ‘एअरबॅग’ अशी लहान अक्षरे कोरलेली असतात. वडखळच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती एकदा वाचून घ्यावीत. ते चाक काढले तर त्याच्यासोबत नेमके काय निघून जाते, ते तिथेच लिहिलेले आहे.