परिणाम-मूल्यमापनाचा पुरावा आणि वाचनशिक्षणाचे कार्यक्रम : एक ऐतिहासिक आढावा

विकासकार्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा हिशेब ठेवण्याची रीत जुनी आहे. त्या पैशाने काय साधले ह्याचा हिशेब ठेवण्याची रीत मात्र अलीकडची आहे. किती शाळा बांधल्या, किती क्रमिक पुस्तके वाटली, किती शिक्षकांना प्रशिक्षण दिले, हे आकडे अहवालांतून पूर्वीपासून मिळत आले. परंतु पुस्तक हाती पडलेले मूल ते न मिळालेल्या मुलापेक्षा अधिक शिकले काय, हा प्रश्न विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडेपर्यंत क्वचितच पद्धतशीरपणे विचारला गेला. तो विचारला जाऊ लागल्यावर कार्यक्रमांत कोणती सुधारणा झाली आणि कशी झाली, हे वाचनशिक्षणाच्या एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाचन हा मूलतः भाषाव्यवहार असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला ह्या इतिहासाविषयी विशेष आस्था वाटावी, हे स्वाभाविकच होय.

ह्या पद्धतीचे मूळ शेतीत आहे. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात काम करीत असता रॉनल्ड फिशर ह्यांनी यदृच्छ निवडीचे तत्त्व विकसित केले आणि १९३५ साली प्रयोगरचनेवरील आपल्या ग्रंथात ते विस्ताराने मांडले. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने ते वैद्यकात रूढ केले. तत्त्व साधे आहे. कोणत्या शाळांना साहाय्य द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरविले, तर दोन्ही गटांतील शाळा बाकी सर्व बाबतींत सरासरीने सारख्याच राहतात. मग पुढे दिसणारा फरक साहाय्यामुळेच पडला, असे म्हणता येते. भाषाशास्त्रात ध्वनीचे अर्थभेदकत्व ठरविताना आपण 'पाट' आणि 'ताट' अशी जोडी घेतो, ती ह्याच न्यायाने. बाकी सारे समान ठेवून एकच घटक बदलल्याखेरीज त्या घटकाचे कार्य कळत नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात हा न्याय लावण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पश्चिम केनियात झाला. तेथील बुसिया व तेसो ह्या जिल्ह्यांत एक डच सेवासंस्था ग्रामीण प्राथमिक शाळांना मदत करीत असे. मायकेल क्रेमर, पॉल ग्लेवे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या कामाची तपासणी हाती घेतली. १७८ शाळांपैकी निम्म्या शाळांना शिकविण्याचे मोठे सचित्र तक्ते देण्यात आले. ज्या शाळांत असे तक्ते आधीपासून होते त्यांची इतर शाळांशी नुसती तुलना केली असता तक्त्यांमुळे गुणांत चांगली वाढ होते असे दिसत होते. पण चिठ्ठ्यांनी निवडलेल्या शाळांत त्या वाढीचा मागमूसही आढळला नाही. तक्ते विकत घेणाऱ्या शाळा मुळातच अधिक सुस्थितीत होत्या, आणि त्या सुस्थितीचे श्रेय तक्त्यांच्या पदरी पडत होते.

क्रमिक पुस्तकांची कथा ह्याहून बोधप्रद आहे. १९९६ साली शंभर शाळांपैकी पंचवीस शाळांना प्रथम पुस्तके देण्यात आली. सरासरी गुणांत लक्षणीय वाढ झाली नाही. मात्र जी मुले आधीच वर्गात अग्रभागी होती त्यांना पुस्तकांचा फायदा झाला. कारण शोधू जाता ते भाषेत सापडले. पुस्तके इंग्रजीत होती, आणि तेथील बहुसंख्य मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती : पहिली घरची, दुसरी स्वाहिली, आणि तिसरी ही. बहुतेक मुलांच्या दृष्टीने पुस्तक असणे आणि नसणे सारखेच होते. पुस्तके निरुपयोगी आहेत एवढाच निष्कर्ष काढून कोणी थांबला असता, तर तो पुरावा वाया गेला असता. त्याने दाखविले ते हे, की अभ्यासक्रम अग्रभागीच्या थोड्या मुलांसाठी रचलेला होता आणि उरलेली मुले केव्हाच मागे पडली होती.

नेमक्या ह्याच अडचणीला मुंबईत दुसऱ्या बाजूने हात घातला जात होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या मध्यास माधव चव्हाण व फरीदा लांबे ह्यांनी स्थापन केलेल्या 'प्रथम' ह्या संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नेमण्यास आरंभ केला. बालसखी ही वस्तीतीलच, माध्यमिक शिक्षण पुरे केलेली तरुणी असे. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे व वाचनाची आणि अंकांची पायाभूत तयारी करून घेई. तिचे मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये असे. २००१ पासून मुंबई व वडोदरा ह्या दोन शहरांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृतींनी ह्या योजनेचे यदृच्छ निवडीने मूल्यमापन केले. त्याचे फलित २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ आढळली. शंभर मुले गुणानुक्रमे उभी केली, तर मधले मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकावे, असा ह्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ आहे. वाढ झाली ती मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांची. मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे उरलेल्या मुलांना मात्र काही विशेष लाभ झाला नाही. तात्पर्य, वर्गाच्या संख्येहून मुलाच्या पातळीपासून आरंभ करणे अधिक परिणामकारक ठरले.

येथवरचा भाग यशाचा आहे. पुढचा इतिहास अधिक खडतर आणि, माझ्या मते, अधिक मोलाचा आहे. कारण हे तत्त्व शहरातून खेड्यांत आणि संस्थेकडून सरकारकडे नेताना ते वारंवार अडखळले. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत चाचणी झाली. काही गावांत लोकांना ग्रामशिक्षण समितीची माहिती देण्यात आली. काही गावांत त्याबरोबरच मुलांचे वाचन गावासमोर तपासण्यात आले. आणि पासष्ट गावांत ह्या दोहोंच्या जोडीला स्वयंसेवकांना वाचनशिबिरे चालविण्यास शिकविण्यात आले. पहिल्या दोन उपायांनी मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. समितीच्या कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते. शिबिरांना आलेल्या मुलांची प्रगती मोठी होती, परंतु आलेली मुले होती सुमारे आठ टक्के. औषध गुणकारी होते, पण ते बहुतेक रोग्यांपर्यंत पोचतच नव्हते.

म्हणून शाळेतून आणि सरकारी शिक्षकांमार्फत ते पोचवावे, असे ठरले. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच सुट्टीतील शिबिरे चालविली, आणि मुलांचे वाचन सुधारले. मात्र शाळा सुरू झाल्यावर त्याच राज्यात नुसते साहित्य दिले किंवा त्याच्या जोडीला शिक्षकांना प्रशिक्षण दिले, तरी काही साधले नाही; स्वयंसेवक आले तेथेच फरक पडला. उत्तराखंडात तर स्वयंसेवकांना शाळांनी नेहमीच्या वर्गांवर जुंपले आणि परिणाम नाहीसा झाला. शिक्षकाला हे काम येत नाही, ही शंका उन्हाळ्याने खोटी ठरविली होती. अभ्यासक्रम संपविण्याची सक्ती त्याला ते करू देत नाही, हे शाळेच्या वर्षाने सिद्ध केले.

ह्या निदानानुसार योजनेत बदल करण्यात आले. २०१२-१३ मध्ये हरियाणात वेळापत्रकातच एक स्वतंत्र तास राखून मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार पाडण्यात आले, आणि सरकारी पर्यवेक्षकांना प्रथम स्वतः शिकवून पाहावयास लावण्यात आले. हिंदीच्या गुणांत ०.१५ प्रमाण विचलनाची वाढ झाली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या वेळातच दहा व वीस दिवसांची शिबिरे घेतली. तेथील वाढ ०.६ ते ०.७ च्या घरात होती. २०१६ मध्ये झांबियाने ऐंशी शाळांत ही पद्धत आपल्या शिक्षकांकरवी करून पाहिली व नंतर तिचा विस्तार केला. २०१९ मध्ये आफ्रिकेतील अशा कार्यक्रमांसाठी एक संयुक्त उपक्रमही उभा राहिला. त्याच वर्षी बॅनर्जी, डुफ्लो व क्रेमर ह्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू होत नाही, असा आक्षेप ॲंगस डीटन ह्यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी ह्या पद्धतीवर घेतला आहे, आणि तो रास्त आहे. वरील इतिहास त्या आक्षेपाला दुजोराच देतो. मुंबईचा निष्कर्ष उत्तराखंडात लागू पडला नाही. परंतु तो का लागू पडला नाही हे कळले, ते त्याच प्रकारच्या पुन्हा केलेल्या चाचण्यांमुळे. पुराव्याने कार्यक्रम सुधारला तो त्याच्यावर उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा शिक्का मारून नव्हे, तर त्यातील घटक एकेक करून सुटे केल्यामुळे.

एक घटक मात्र अद्याप पुरेसा सुटा झालेला नाही, आणि तो आपल्या विषयाच्या कक्षेत येतो. २००५ पासून ग्रामीण भारतात घेतल्या जाणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या क्रमाने वाचावयास देतात. २०२४ साली तिसरीतील मुलांपैकी २७.१ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ह्या मोजपट्टीची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु मेळघाटातील कोरकू बोलणारे, गडचिरोलीतील गोंडी बोलणारे किंवा नंदुरबारातील भिली बोलणारे मूल मराठी परिच्छेदापाशी अडखळते तेव्हा त्याला वाचन येत नाही, की मराठी येत नाही? बुसियातील इंग्रजी पुस्तकांनी उभा केलेला प्रश्न तो हाच. घरच्या भाषेतील आणि शाळेच्या भाषेतील वाचन शेजारी ठेवून पाहणाऱ्या चाचण्या ह्या जिल्ह्यांतून झाल्या, तर त्याचे उत्तर मिळू शकेल. त्यासाठी लागणारे शब्द, परिच्छेद व गोष्टी मराठीवरून भाषांतरित करून चालणार नाहीत. त्या त्या भाषांतूनच रचाव्या लागतील, आणि हे काम भाषाशास्त्राच्या विभागांनीच अंगावर घ्यावयास हवे.