खैरलांजीआधीचे सव्वीस दिवस

मी मोहाडी तालुक्यात शिक्षक होतो. माझे काही विद्यार्थी पुढे पोलिसात भरती झाले. त्यांना मी नेहमी दोन तारखा सांगतो.

22 सप्टेंबर 2006. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे प्राधिकरण हवे. दुसरी, बरोबर आठवड्यानंतरची, 29 सप्टेंबर: आमच्याच तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली.

मला अस्वस्थ करतात ते आधीचे दिवस. 3 सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबाच्या परिचयातले सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखाबाई आणि प्रियंका त्यात साक्षीदार होत्या. आरोपी 29 तारखेला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर चालून गेले. सव्वीस दिवस! साक्षीदार दलित कुटुंबातले, गावात एकटे पडलेले. धोका ओळखायला आणखी काय लागते? खैरलांजी ज्याच्या हद्दीत येते त्या आंधळगाव पोलीस ठाण्यातली ढिलाई वरिष्ठांनी तेव्हाच पकडायला हवी होती. पोलिसांचे निलंबन झाले, पण चार जीव गेल्यावर. कसुरी अहवाल, गोपनीय शेरा, वार्षिक तपासणी ही हत्यारे खात्याकडे जुनीच आहेत. ती वेळेवर उचलली गेली नाहीत.

आणि न्यायालयाने सांगितलेल्या तक्रार प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात आली 2014 मध्ये.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर गप्प बसू नका. लेखी अर्ज टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवा. तो हक्क कायद्याने दिलेला आहे.