मोहोळ, पृथ्वीराज

मोहोळ, पृथ्वीराज : मुठा (ता. मुळशी, जि. पुणे) येथील मल्ल. अहिल्यानगर येथे भरलेल्या 67व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे (2025) विजेते. वडील व आजोबाही मल्ल. गादी विभागातून खेळतात.

गाव व गदा : मुठा नदीच्या खोऱ्यातील हे गाव महाराष्ट्राच्या कुस्तीत मामासाहेब मोहोळ यांचे गाव म्हणून ओळखले जाते. मामासाहेबांनी 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. गावोगावच्या जत्रांत, आपापल्या रिवाजाने चालणाऱ्या कुस्तीला राज्यपातळीवरचे एक व्यासपीठ मिळाले, ते या परिषदेमुळे. 1961 साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. मामासाहेबांच्या स्मरणार्थ विजेत्याला चांदीची गदा देण्याची प्रथा मोहोळ कुटुंबीयांनी 1982 पासून चालवली असून त्यात मामासाहेबांचे पुत्र, माजी खासदार अशोक मोहोळ यांचा पुढाकार होता. गदा आतून लाकडाची, वरून कोरीव काम केलेल्या चांदीच्या पत्र्याने मढवलेली; वजन सुमारे 10 ते 12 किलो. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला मामासाहेबांची प्रतिमा. पुण्यातील कारागीर ती घडवतात. रोख इनाम, मोटारी ही बक्षिसे दरवर्षी बदलतात. मल्लाच्या घरात दर्शनी भागात राहते ती गदाच. 2025 मध्ये ती मामासाहेबांच्याच गावी गेली, म्हणून या किताबाला मुळशीत वेगळे मोल आहे. केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ हेही याच गावचे व पूर्वाश्रमीचे मल्ल.

मुळशी तालुक्यातीलच भूगाव येथे याआधी 2017 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली होती. तीत अभिजित कटके यांनी किरण भगत यांच्यावर मात केली.

अहिल्यानगर, 2025 : किताबाचा गट 86 ते 125 किलो वजनाचा. गादी व माती अशा दोन विभागांतून एकेक विजेता निघतो आणि त्या दोघांत किताबाची लढत होते. गादी विभागाच्या अखेरच्या लढतीत मोहोळ यांच्यासमोर शिवराज राक्षे होते. राक्षे यांनी 2023 मध्ये जानेवारीत पुण्याला व नोव्हेंबरात धाराशिवला असा दोनदा किताब घेतलेला होता. पंचांनी मोहोळ यांना चितपटीने विजयी घोषित केले. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षे यांच्या बाजूचा आक्षेप होता. निकाल मोहोळ यांच्या बाजूने कायम राहिला. माती विभागात सोलापूरचे महेंद्र गायकवाड यांनी परभणीचे साकेत यादव यांना हरवले.

2 फेब्रुवारी 2025 रोजी अंतिम लढत झाली. ती गुणांवर गेली. शेवटच्या काही सेकंदांत गायकवाड यांनी एका गुणावर हरकत घेतली व ते मैदानाबाहेर गेले. मोहोळ 2-1 ने विजयी ठरले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार व मुरलीधर मोहोळ यांच्या उपस्थितीत त्यांना गदा व थार गाडी मिळाली. पंचांशी केलेल्या गैरवर्तनावरून राक्षे व गायकवाड यांना स्पर्धा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने 3 वर्षांसाठी निलंबित केले. या दोन निकालांवर बोलले गेले ते फार. त्यात विजेत्याची कुस्ती मागे पडली, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दोनदा केसरी झालेल्या मल्लाला गाठून पुढे मातीतल्या जोडीशी त्याच दिवशी भिडणे सोपे नाही.

2-1 हा आकडा जत्रेच्या मैदानात कुस्ती पाहणाऱ्याला अपुरा वाटतो. तिथे निकाली कुस्तीत चीतपट हाच निकाल. नाहीतर कुस्ती बरोबरीत सुटते. किताबाची कुस्ती आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल नियमांनी, 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्यांत होते. जोडीदार रिंगणाबाहेर गेला तर 1 गुण. निष्क्रिय ठरलेल्या मल्लाने पुढच्या 30 सेकंदांत गुण कमावला नाही तर समोरच्याला 1 गुण. जड वजनात दोघेही तोलून धरतात, त्यामुळे अशी थोड्या गुणांची लढत नेहमीची आहे.



किताबाची नोंद : राज्यात महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद व महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ या दोन संघटना वेगवेगळ्या स्पर्धा घेतात. अहिल्यानगरची स्पर्धा संघाची. नोव्हेंबर 2023 मध्येही धाराशिवला राक्षे आणि फुलगावला (जि. पुणे) सिकंदर शेख असे दोन विजेते झाले होते. मार्च 2025 मध्ये परिषदेने कर्जत (जि. अहिल्यानगर) येथे 66वी म्हणून स्पर्धा भरवली, तीत सोलापूरचे वेताळ शेळके विजेते ठरले. दोन्हींचे स्पर्धाक्रमांक जुळत नसल्याने विजेत्यांच्या यादीत 2025 या वर्षापुढे मोहोळ व शेळके ही दोन्ही नावे, संघटनेच्या उल्लेखासह, द्यावी लागतात.