एक जर्मन अध्यापक आणि छत्तीसगडचे शिलालेख

राजिमच्या राजीवलोचन मंदिरातील मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख बसविलेला आहे. कलचुरी राजांचा मांडलिक जगपाल याच्या पराक्रमाचे आणि त्याने बांधविलेल्या राममंदिराचे वर्णन करून लेखाच्या अखेरीस काळ दिला आहे : कलचुरी संवत ८९६, माघ शुक्ल अष्टमी, बुधवार. हा संवत फार पूर्वीच प्रचारातून गेला होता. त्यामुळे त्याचे ८९६ वे वर्ष म्हणजे इसवी सनाचे नेमके कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकातील संशोधकांचे एकमत नव्हते. हा आरंभकाल निश्चित झाल्यावाचून छत्तीसगडच्या मध्ययुगीन इतिहासाला कालक्रम लाभणे अशक्य होते. हे काम ज्यांनी मोठ्या प्रमाणात तडीस नेले ते डॉ. फ्रान्झ कीलहॉर्न जन्माने जर्मन, पेशाने अध्यापक होते आणि त्यांच्या विद्येची जडणघडण पुण्यात झाली होती.

कीलहॉर्न यांचा जन्म १८४० मधला. १८६६ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि सुमारे पंधरा वर्षे तेथे शिकवीत राहिले. युरोपीय विद्यापीठाची पदवी हाती असूनही त्यांनी पुण्यातील शास्त्र्यांकडून पारंपरिक व्याकरणाचे पाठ घेतले. नागेशभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे संपादन व भाषांतर त्यांनी केले आणि पतंजलीच्या ‘महाभाष्या’ची चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत सिद्ध केली. १८८० नंतरच्या दशकात ते ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. अध्यापन सुरूच राहिले. मात्र त्याच्या जोडीने भारतातून येणाऱ्या शिलालेखांच्या आणि ताम्रपटांच्या ठशांचे वाचन हा त्यांचा नित्याचा उद्योग झाला. राजिमचा लेख त्यांनी १८८८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध केला.

संवताचा आरंभ शोधण्याची त्यांची रीत आज शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. ठरावीक तिथी ठरावीक वारी दरवर्षी येत नाही. म्हणून लेखातील वर्ष, मास, तिथी आणि वार घेऊन संभाव्य आरंभवर्षांपैकी प्रत्येकाशी गणिताने ताळा पाहावयाचा. एकाच लेखाचा मेळ योगायोगानेही बसू शकतो; अनेक लेखांचा बसला तर उत्तर भरवशाचे ठरते. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या लेखात संवत ८६६, मार्गशीर्ष शुक्ल नवमी, रविवार असा निर्देश आहे; तो दिवस ८ नोव्हेंबर १११४ ठरतो. राजिमचा बुधवार ३ जानेवारी ११४५ या दिवशी येतो. जनरल कनिंगहॅम यांनी या संवताचा आरंभ इ. स. २४९ मध्ये मानला होता. कीलहॉर्न यांनी वारांच्या साक्षीने तो इ. स. २४८ कडे नेला. एका वर्षाचा हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु राजांच्या पिढ्या जुळवताना तोच निर्णायक ठरतो.

रायपूरच्या इतिहासालाही या परिश्रमाचा लाभ झाला. कलचुरींच्या रायपूर शाखेतील ब्रह्मदेवाच्या कारकिर्दीतील, विक्रम संवत १४५८ चा लेख कीलहॉर्न यांनीच प्रसिद्ध केला. नायक हाजिराजाने बांधविलेल्या हाटकेश्वर मंदिराची त्यात नोंद आहे. तिचा काळ इ. स. १४०२ असा येतो. खल्लारीचा इ. स. १४१५ चा लेख तर अधिकच बोलका आहे. तेथील नारायण मंदिर देवपाल नावाच्या मोच्याने उभारले, असे तो सांगतो. राजवंशावळीत ज्याला कधीच स्थान मिळाले नसते, अशा एका कारागिराचे नाव त्याच्या वाडवडिलांसह त्या शिळेने सहाशे वर्षे जपले आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या कथेला आणखी एक पदर आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूर जिंकले आणि पुढील काही वर्षांत कलचुरींची सत्ता अस्तास गेली. छत्तीसगडातील मराठी वस्तीचा मोठा भाग त्या राजकारणाच्या मागोमाग येथे आला. ज्या राजवंशाचे राज्य मराठी फौजांनी संपविले, त्याचे लेख पुढे एका मराठी अध्यापकानेच एकत्र आणले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा बृहत्संग्रह सिद्ध केला. १९५५ मध्ये तो दोन भागांत प्रकाशित झाला. कीलहॉर्न यांची वाचने आणि गणिते मिराशींनी आदराने पण नव्याने तपासली व आवश्यक तेथे दुरुस्त केली. विद्येच्या क्षेत्रात पूर्वसूरींचे ऋण असेच फेडले जाते.

परंतु वाचणाऱ्याच्या आधी जपणारा असावा लागतो. १९२१ मध्ये तत्कालीन बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावी, आटलेल्या तलावातून ब्राह्मी अक्षरे कोरलेला एक प्राचीन लाकडी स्तंभ निघाला. उन्हात पडून तो तडकला आणि बरीच अक्षरे गळून गेली. सुदैवाने त्यापूर्वीच गावातील एका पंडिताने, अर्थ कळत नसतानाही, ती जशी दिसली तशी उतरवून घेतली होती. सेनापती, प्रतीहार, गणक, भांडागारिक अशी प्राचीन अधिकाऱ्यांची नावे त्यामुळे अभ्यासकांना वाचता आली. हा स्तंभ आज रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. ग्योटिंगेनच्या प्राध्यापकाला जे वाचता येत होते ते किरारीच्या पंडिताला येत नव्हते. तथापि समोरचे अक्षर प्रामाणिकपणे उतरविण्याची निष्ठा दोघांचीही सारखीच होती. ही निष्ठा शाळेच्या पहिल्या इयत्तेत, पाटीवर अक्षर गिरवतानाच शिकविली जाते.