आबांचे कळसदर्शन



यंदा आषाढीच्या दिवशी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भाच्याने आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, जुना फोटो टाकला. डोक्याला मुंडासे, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळ. खाली त्याने लिहिले होते, ‘समतेचा वारकरी’. पंचवीस-तीस जणांनी हात जोडले. मीही जोडले. मग दिवसभर काही चैन पडेना. इतिहास हा विषय मी आयुष्यभर शाळेत शिकवला. मुलांना सांगत आलो की, चित्राखालची ओळ आधी तपासून पाहा. आता स्वतःच्या आजोबांच्या चित्राखालची ओळ तशीच सोडून द्यायची, हे काही बरे नव्हे. म्हणून हे लिहितो आहे. घरातल्या काहींना आवडणार नाही, त्याला इलाज नाही.

पंढरपूरचे एक वैशिष्ट्य आहे. तिथे भाविकाला विठोबाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके टेकता येते. इतर अनेक मोठ्या देवळांत गाभाऱ्याच्या बाहेरूनच हात जोडायचे. वारकऱ्याला या पायांचे मोल फार! आणि म्हणूनच भांडण नुसते आत जाण्याचे नव्हते, ते स्पर्शाचेही होते. महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा 1338 मध्ये गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, अशी परंपरा आहे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची वारी त्या समाधीपाशी संपायची. चोखोबांचे अभंग आत गायले जात, चोखोबांची माणसे मात्र बाहेर उभी. सहाशे वर्षे!

साने गुरुजींना हे सहन होईना. 1946 मध्येच ते उपोषणाला बसणार होते. पण सेनापती बापट वगैरे मंडळींनी सांगितले की आधी लोकांपुढे जा, लोकमत तयार करा. गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर फिरले. सभा झाल्या, सह्या झाल्या, गावोगावची देवळे आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूर मात्र हलेना. शेवटी 1 मे 1947 रोजी गुरुजी तिथेच उपोषणाला बसले. त्या एवढ्या मोठ्या क्षेत्रात बसायला जागा मिळता मिळेना. अखेर तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. हे मी मुद्दाम सांगतो. गुरुजींना विरोध करणारेही माळकरी होते आणि आसरा देणारेही माळकरीच. गांधीजींनीसुद्धा उपोषण सोडावे म्हणून कळवले, गुरुजींनी ते मानले नाही. दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बडव्यांशी बोलणी झाली आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

आता आमच्या घराकडे येतो.

आम्ही काही बडवे नव्हे. सातारा जिल्ह्यातले साधे कुणबी. देवळाच्या उत्पन्नातला एक पैसा आमच्याकडे कधी येत नव्हता. पण मंदिर खुले झाल्याची बातमी आली तेव्हा आबा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तेव्हा नुकते प्राथमिक शिक्षक झाले होते आणि त्यांनी गुरुजींच्या सह्यांच्या कागदावर सही केलेली होती. पुढे किती तरी महिने बापलेक एका पंगतीला बसले नाहीत. आजी आधी एकाला वाढायची, मग दुसऱ्याला. माझा जन्म 1950 चा. म्हणजे हे सगळे मी आजीच्या तोंडून ऐकलेले.

त्या काळात एक गोष्ट आमच्याकडे सांगितली जायची. मंदिर खुले होण्याआधी मंत्र म्हणून विठोबाचे तेज मूर्तीतून पाण्याच्या घागरीत काढून घेतले, आता आत आहे तो नुसता दगड. आबांचा यावर पूर्ण विश्वास होता. त्यांनी वारी सोडली नाही. दरवर्षी दिंडीबरोबर पायी जात, चंद्रभागेत स्नान करत, प्रदक्षिणा करत. देवळात मात्र पाऊल टाकत नसत. बाहेरूनच कळसाला हात जोडून परत फिरत.

1960 च्या आषाढीला आजी मला एस.टी.ने पंढरपूरला घेऊन गेली. आबा तिथे आम्हाला भेटले. महाद्वाराशी ही गर्दी! आजी मला म्हणाली, ‘तू आबांपाशी थांब,’ आणि बायकांच्या घोळक्याबरोबर आत गेली. आबा काही बोलले नाहीत. मी विचारले, ‘आबा, आपण न्हाई जायचं?’

‘आत देव न्हाई पोरा. कळस हाय तेवढा आपला.’

‘मग आजी का गेली?’

त्यांनी उत्तर दिले नाही. आम्ही तासन् तास तिथेच उभे होतो. कुठे उभे होतो हे तेव्हा मला कळले नव्हते. पुढे बी.ए.च्या वर्षात संतसाहित्य वाचताना एकदम लक्षात आले. आम्ही चोखोबांच्या समाधीला टेकून उभे होतो. ज्या जागेच्या पुढे त्यांच्या माणसांना जाऊ देत नसत, त्या जागी आबा स्वतःच्या मर्जीने येऊन थांबले होते. त्यांच्या हे ध्यानात आले होते का? मी त्यांना कधी विचारले नाही. हिंमत झाली नाही हे खरे.

आणखी एक. ज्यांच्यासाठी दार उघडले ते आमच्या गावातून आत गेलेच नाहीत. नाशिकला काळाराम मंदिरासाठी 2 मार्च 1930 पासून सत्याग्रह झाला, माणसांनी मार खाल्ला, दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. म्हणजे पंढरपूरचे दार उघडायच्या बारा वर्षे आधी! पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धर्मांतर झाले, त्यानंतर आमच्या गावच्या त्या वस्तीनेही बुद्धधम्म स्वीकारला. तिथल्या एका म्हाताऱ्याला दादांनी पंढरपूरला येण्याचा आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला, ‘गुरुजी, लई उशीर केलासा.’ दादा हे वाक्य शेवटपर्यंत विसरले नाहीत.

विनोबांचीही हकीकत सांगण्यासारखी आहे. 1953 मध्ये देवघरला, बैद्यनाथाच्या देवळात हरिजनांबरोबर जाताना पंड्यांनी त्यांना मारहाण केली. 1958 मध्ये ते पंढरपूरला आले, ते मुसलमान आणि ख्रिस्ती सहकारी बरोबर घेऊन. आणि त्यांच्यासह त्यांना आत नेले गेले! अकरा वर्षांत त्याच देवळात एवढा फरक. आबांना ही बातमी दादांनी मुद्दाम वाचून दाखवली. आबा म्हणाले, ‘घागरीतल्या देवाला काय त्याचं?’

मला हे कोडे अजून सुटलेले नाही. आबा दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी आपल्या विहिरीवरून सगळ्या गावाला पाणी दिले, पण त्या वस्तीच्या घागरींत वरून ओतून. दिले हेही खरे, वरून ओतले हेही खरे.

मी आठवीत असताना संध्याकाळी त्यांना ‘श्यामची आई’ वाचून दाखवायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऐकता ऐकता डोळ्यांना धार लागायची. पुस्तक अर्धे झाल्यावर एकदा म्हणाले, ‘कुणी लिवलंय रं हे?’ मी नाव सांगितले. आबा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, आता पुस्तक बंद करायला सांगणार. मग पंच्याने तोंड पुसून म्हणाले, ‘हं, वाच म्होरं.’

आबा 1971 मध्ये गेले. तोवर देवळात गेले नाहीत.

तेव्हा भाचेबुवा, फोटो राहू दे, चांगला आहे. खालची ओळ मात्र काढ.