नंबरप्लेटवर बोलतंय कोण?

जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेटची सक्ती झाल्यापासून एक सूचना माझ्या कानावर बरेचदा आली: "अमेरिकेत असतात तशा सामाजिक कामासाठीच्या खास प्लेट आपल्याकडे का नाहीत? हौशी लोक जादा पैसे देतील, ते पैसे चांगल्या कामाला जातील."

सूचना वाईट नाही. पण ज्यांनी हे करून पाहिलं त्यांचं काय झालं, हे माहीत असलेलं बरं. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

अमेरिकेत नंबरप्लेट हा राज्यांचा विषय. आधी ती फक्त ओळखीची पाटी होती. १९२८ साली आयडाहो राज्याने आपल्या प्लेटवर चक्क बटाटा छापला. तिथला बटाटा प्रसिद्ध, म्हणून फुकटात जाहिरात. मग इतर राज्यांनीही आपापली ब्रीदवाक्यं प्लेटवर छापायला सुरुवात केली.

पहिला मोठा खटका उडाला न्यू हॅम्पशायरमध्ये. तिथल्या प्लेटवर राज्याचं ब्रीदवाक्य होतं, 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा'. जॉर्ज मेनार्ड नावाच्या गृहस्थाच्या धर्मश्रद्धेला ते पटेना. त्याने ते शब्द झाकून टाकले. दंड झाला. तो भरायला नकार दिला म्हणून १५ दिवस तुरुंगात काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये मेनार्ड जिंकला. सरकारचा संदेश स्वतःच्या गाडीवर मिरवायची सक्ती नागरिकावर करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. स्वातंत्र्याची घोषणा झाकली म्हणून माणूस तुरुंगात, हा विनोद वेगळाच!

सक्ती नको, हे ठरलं. पण कोणी स्वखुशीने, वर पैसे देऊन संदेश लावणार असेल तर? २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळून सात अंतराळवीर गेले. फ्लोरिडाने त्यांच्या स्मरणार्थ खास प्लेट काढली. ती १९८७ मध्ये रस्त्यावर आली. लोकांनी भरभरून घेतली. केनेडी अवकाश केंद्रात १९९१ साली उभं राहिलेलं अंतराळवीरांचं स्मारक या पैशातून झालं. इतकं चांगलं उदाहरण समोर आल्यावर रांग लागणारच. मेरीलँडची चेसापीक उपसागरासाठीची, कॅलिफोर्नियाची समुद्रकिनाऱ्यासाठी देवमाशाच्या शेपटीची, शिवाय विद्यापीठं, प्राणी, कर्करोग संशोधन, सगळ्यांच्या प्लेट आल्या.

रांग लागली की नियम आले. व्हर्जिनियात नवीन प्लेटसाठी आधी पैसे भरलेले ४५० अर्ज लागतात. कॅलिफोर्नियात ७,५००. फ्लोरिडात २०२० च्या कायद्याने खास प्लेटची संख्याच १५० वर बांधली. नव्या प्लेटसाठी साधारणपणे २४ महिन्यांत ३,००० आगाऊ नोंदण्या हव्यात, आणि पुढे मागणी घटली तर प्लेट बंद. हे मोजणीचे नियम. रुक्ष आहेत, पण सगळ्यांना सारखे.

गोची झाली ती दुसऱ्या प्रश्नावर. संख्या पुरी आहे, पण संदेश पटत नाही, मग काय?

फ्लोरिडातच गर्भपातविरोधी 'जीवन निवडा' प्लेटची मागणी आली. १९९८ मध्ये गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी ते विधेयक नाकारलं. १९९९ मध्ये नवे गव्हर्नर जेब बुश यांनी सही केली. म्हणजे पात्रता ठरली ती खुर्चीवर कोण बसलंय त्यावर. नॉर्थ कॅरोलिनाने २०११ मध्ये हीच प्लेट मंजूर केली, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची प्लेट नाकारली. एका बाजूला दार उघडं, दुसऱ्या बाजूला कुलूप. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने हा पक्षपात घटनाबाह्य ठरवला.

तेवढ्यात टेक्सासचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा प्लेटवर हवा, अशी त्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेची मागणी होती. टेक्सासच्या मंडळाने ती २०११ मध्ये फेटाळली: हा झेंडा अनेकांना द्वेषाचं चिन्ह वाटतो. १८ जून २०१५ ला न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी टेक्सासला उचलून धरलं. प्लेट हे सरकारचं बोलणं आहे, आणि आपण काय बोलायचं ते सरकार ठरवू शकतं.

विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अलिटो यांचा प्रश्न मला अजून आठवतो. टेक्सासने तर शेजारच्या ओक्लाहोमाच्या विद्यापीठाचीही प्लेट दिली होती आणि गोल्फवेड्यांचीही. मग फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा हे टेक्सासचं अधिकृत धोरण समजायचं का?

निकालाने आनंद झालेल्यांनी पुढचं पान वाचायला हवं. याच निकालाच्या आधारे २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा पक्षपातही कायदेशीर ठरला. ज्या किल्लीने टेक्सासने द्वेषाच्या झेंड्याला दार लावलं, त्याच किल्लीने दुसऱ्या राज्याने विरोधी मताला लावलं. किल्ली हातात कोणाच्या, एवढाच काय तो फरक.

आता आपल्याकडे या. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी वळणाचे ठरवून दिलेत. २१४ वाकवून 'राम' किंवा ८०५५ चं 'बॉस' केलं तर दंड. पसंतीच्या नंबरासाठी लोक भरमसाट पैसे भरतात, ते सरकारी तिजोरीत जातात. नियम कोरडा आहे खरा. पण या कोरडेपणात एक समता आहे: मंत्र्याच्या आणि रिक्षावाल्याच्या प्लेटवर संदेश शून्य.

उद्या कोणी खास प्लेटची योजना आणलीच, तर मी विरोध करणार नाही. फक्त तीन गोष्टी आधी लिहून मागेन. पात्रता मोजून ठरणार की कोणाच्या मर्जीने? नकार दिला तर कारण लेखी मिळणार का, त्यावर दाद मागता येणार का? आणि जमा झालेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी जाहीर होणार का?

आपल्या आवडीची संस्था डोळ्यासमोर ठेवून नियम चांगला वाटणं सोपं असतं. नियम तपासायचा तर आपल्याला अजिबात न आवडणारी संस्था डोळ्यासमोर आणा. आणि मग तोच नियम पुन्हा वाचा.